जमा करून पोच द्यावी

घेतलेली वस्तू परत करण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. चिखलीच्या किंवा खामगावच्या कुठल्याही जुन्या कापड दुकानात जा. गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते, आणि गंमत म्हणजे ती पाटी वाचून कुणाला राग येत नाही. बाजारातून आणलेले टरबूज आतून पांढरे निघाले तर आपण दुकानदाराच्या आधी आपल्या नशिबाला बोल लावतो. लग्नात आलेला तिसरा मिक्सर परत जात नाही. तो वेष्टणासकट पुढच्या लग्नाची वाट पाहत माळ्यावर पडतो. ही झाली पैसे मोजून किंवा आहेरात आलेल्या वस्तूंची कथा. मग कचेरीने कामासाठी दिलेल्या वस्तूबद्दल काय बोलावे? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते.

म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल पिशव्यांत भरून प्रकल्प कार्यालयात नेऊन दिले, तेव्हा अनेकांना ते नवल वाटले. 'मोबाईल वापसी' हे त्या आंदोलनाचे नाव. 'परत' म्हणण्यापेक्षा 'वापस' म्हणणे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांच्या तोंडात अधिक बसलेले, त्यामुळे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते नाव कुणाला समजावून सांगावे लागले नाही. समजावून सांगावे लागले ते कारण. "फुकट मिळालेला मोबाईल बाया वापस कायले करून राह्यल्या?" हा प्रश्न मी एसटीत ऐकला, चहाच्या टपरीवर ऐकला आणि माझ्या घरातही ऐकला.

घरात ऐकला, कारण आमच्या नात्यातलीच एक सेविका त्या वेळी माझ्याकडे सल्ल्याला आली होती. पत्नीची मावसबहीण. घाटाखालच्या एका गावात वीस वर्षांहून अधिक काळ अंगणवाडी चालवते. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्या जिल्ह्यात माणसाला तालुका विचारण्याआधी 'घाटावरचे की घाटाखालचे' हे विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा हे घाटाखाली. पाऊस, भाषा आणि सोयरिकी सगळ्यांतच थोडा फरक.) राजूर घाट चढून ती सकाळच्या गाडीने आली. पिशवीतून तिने आधी घरची तुरीची डाळ काढली आणि मग रुमालात गुंडाळलेला मोबाईल.

"भाऊजी, हा वापस करू का ठेवू? तुमी बँकेत होते, तुमाले कागदातलं समजते."

मी तो हातात घेतला. दिसायला काही वाईट नव्हता. चालू व्हायला मात्र मला चहाचा कप संपवावा लागला, आणि चालू झाल्यावर पाच-सात मिनिटांत तो तव्यासारखा तापला.

या मोबाईलची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनूमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पोषण अभियान सुरू झाले. अंगणवाडीत पूर्वी अकरा नोंदवह्या असत. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, लसीकरण, बालकांची वजने, गृहभेटी वगैरे. त्यांतल्या दहा वह्या मोबाईलवर आणायच्या, म्हणजे सेविकेची लिखापढी कमी होईल आणि कोणत्या गावात कोणते मूल अशक्त आहे हे वर बसलेल्यांना त्याच दिवशी कळेल, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये एक लाखाच्या वर मोबाईल वाटले गेले. दोन जीबी रॅमचे. तेव्हाच्या प्रणालीला ते कसेबसे पुरत होते. मग ती प्रणालीच गुंडाळली गेली आणि १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. ॲप नवे, मोबाईल तोच. जुन्या बैलगाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडावी तसे झाले. त्यात महाराष्ट्रातल्या सेविकांना ते मराठीत मिळेना. नावे भरायची इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या आणि 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठीत डोळे मिटून लिहिणाऱ्या बाईला त्याचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक वेळी नव्याने रचावे लागे. भाषेचा हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आमच्या मेहुणीचे रडगाणे मात्र इतके मोठे नव्हते. तिने तीनच गोष्टी सांगितल्या. ॲप उघडले की मोबाईल थांबतो. दुरुस्तीला टाकला तर दुकानदार काही हजारांची भाषा बोलतो, आणि तो खर्च कोणी द्यायचा हे कोणी सांगत नाही. तिसरी गोष्ट तिने जरा थांबून सांगितली. गेले तीन महिने ती सगळ्या नोंदी घरच्या मोबाईलवर करत होती. घरात मोबाईल एकच. मुलगा दहावीत. करोनामुळे शाळा बंद, वर्ग त्या मोबाईलवर. "पोट्ट्याचा गणिताचा तास आन् माह्या लेकराइचे वजनं, दोन्ही दहा वाजता. मंग तोच म्हणते, आई तू कर आधी."

तेव्हा सेविकेचे मानधन महिन्याला ८,३२५ रुपये होते. मानधन म्हणायचे, पगार नाही, कारण कागदोपत्री ती कर्मचारी नव्हे, 'मानसेवी'. (एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. त्या निकालाच्या दिवशी हीच मेहुणी फोनवर मला म्हणाली, "म्हंजे आमी नोकरीवरच होतो तं!") दुरुस्तीचा आकडा त्या मानधनाच्या शेजारी मांडून पाहिला की नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते कळते.

आता प्रश्न सल्ल्याचा. बँकेतली सवय म्हणून मी कागदाला मधोमध रेघ मारली. डावीकडे परत केल्याचे तोटे. नोंदी थांबल्या तर मानधन अडेल अशी धास्ती. सुपरवायझर मॅडमची नाराजी. आणि तिला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे गावातली दोन पोरे त्या वेळी तीव्र कुपोषित म्हणून नोंदलेली होती; नोंद थांबली तर ती कागदावरून नाहीशी होतील, आणि कागदावर नसलेल्या पोराला औषध-आहार मिळवून देताना काय दमछाक होते हे तिला ठाऊक होते. उजवीकडे ठेवल्याचे तोटे. मोबाईल बिघडलेला, पण ताब्यात तिच्या. हरवला, फुटला, चोरीस गेला, जबाबदारी तिची. वितरणाच्या दिवशी 'चालू स्थितीत मिळाला' अशा कागदावर तिची सही होतीच.

त्या सहीपाशी मी थोडा थबकलो, कारण माझे निम्मे आयुष्य अशा सह्यांभोवती गेले आहे.

१९८३ मध्ये बँकांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. नव्वदच्या दशकात मी विदर्भातल्या एका शाखेत असताना आमच्याकडेही असे एक धूड आले. त्याच्यासाठी खोलीला वातानुकूलन यंत्र बसले. मॅनेजर साहेबांच्या खोलीला नव्हते. यंत्र पहिल्याच आठवड्यात व्याजाच्या बेरजेत घोळ घालू लागले. पुरवठादाराचा माणूस आला, त्याने वायरी हलवल्या, चहा घेतला आणि 'यंत्र समाधानकारकरीत्या बसवून मिळाले' असा छापील कागद पुढे केला. आमचे मॅनेजर नागपूरकडचे, वृत्तीने शांत, पानाचे शौकीन. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "बेरीज जुळली की सही." उरलेले पैसे त्या सहीवर अडलेले होते. त्यामुळे त्या माणसाच्या आमच्या गावाला पुढे सहा फेऱ्या झाल्या, आणि सातव्या फेरीला बेरीज जुळली.

शिवाय ती जुळेपर्यंत आम्ही हाताने लिहिलेले लेजर आणि यंत्र दोन्ही चालवले. दुप्पट काम. कुरकुर खूप झाली, पण त्या दुप्पट कामाला शेवटची तारीख होती. अंगणवाडीत मोबाईल आल्यावर वह्याही चालूच राहिल्या, आणि त्या कधी बंद होणार याची तारीख कुणी सांगितली नव्हती. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. मॅनेजरच्या हातात सही होती, सेविकेची सही आधीच घेतलेली होती. यंत्र विकत घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा, आणि बिघाडाचा घाम पुसणारा तिसराच.

कायदाही विकत घेणाऱ्याचाच. मालविक्री अधिनियम १९३० चे कलम ४२ सांगते की, वाजवी मुदत उलटेपर्यंत खरेदीदाराने माल नाकारल्याचे न कळवता ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे समजले जाते. पण खरेदीदार सरकार. माझी मेहुणी त्या व्यवहारात कुठेच नाही. ती फक्त 'जमा' करू शकते.

माझ्या कागदाच्या दोन रकान्यांत न बसणारी गोष्ट होती तो घरचा मोबाईल. बँकेत ज्या रकमेचा हिशेब लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्समध्ये टाकतात. मराठीत त्याला उचंत खाते म्हणतात. ताळेबंद त्या दिवसापुरता जुळतो, साहेब खूश होतात आणि फरक तसाच पडून राहतो. इन्स्पेक्शनला आलेला जाणता अधिकारी शाखेत शिरल्याबरोबर आधी उचंत खाते उघडून बघतो, कारण शाखेचे सगळे आजार तिथे लपलेले असतात. पोराच्या मोबाईलवरून भरलेल्या नोंदी म्हणजे असेच उचंत खाते होते. वरच्या पडद्यावर सगळे हिरवे. मोबाईल बिघडले आहेत याचा कुठे मागमूस नाही, कारण काम तर होतेच आहे! नवऱ्याचा, पोराचा, शेजारणीचा मोबाईल मागून बाया सरकारचा ताळेबंद जुळवत होत्या.

मी तिला एवढेच विचारले, "तुम्ही घरचा मोबाईल वापरता हे ऑफिसात कुणाला लेखी माहीत आहे का?"

"लेखी कायले? सबन बायाच करतात तसं."

याच सुमारास मी इंग्लंडमधल्या टपाल खात्याच्या भानगडीबद्दल वाचत होतो, आणि ती मी तिला सांगितली. १९९९ पासून तिथल्या टपाल कार्यालयांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. खेड्यापाड्यांत टपाल शाखा चालवणारी माणसे तिथेही कंत्राटावर, आपल्याकडच्या सेविकांसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर. संध्याकाळी हिशेबात तूट दिसायची. कंत्राट असे की तूट त्यांनी भरायची. कोणी दागिने मोडून भरली, कोणी घर गहाण टाकून. यंत्राचा आकडा खरा हे गृहीत, त्यामुळे सातशेहून अधिक जणांवर टपाल खात्याने खटले भरले. काही जण तुरुंगात गेले. वेल्समधल्या ॲलन बेट्स नावाच्या शाखाचालकाने मात्र पहिल्यापासून लेखी तक्रारी केल्या आणि न समजणारी तूट आपली म्हणून कबूल करायला नकार दिला. २००३ मध्ये त्याची शाखा काढून घेतली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले. त्या लढ्यात या माणसाच्या पत्रव्यवहाराचे मोल मोठे होते. आमची भेट झाली तेव्हा गोष्ट इथवर आलेली होती. २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या, हे मी तिला नंतर फोनवर कळवले.

गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मंग बंद पडला का साधं कागदावर लिहून देत जाऊ?" बेट्सच्या वीस वर्षांचे सार तिने एका वाक्यात काढले. मला कादंबरीत तीनशे पाने लागली असती.

तिचा निर्णय तिने स्वतः घेतला. परत करायचा. पण नुसता टेबलावर ठेवून यायचे नाही. आम्ही अर्ज लिहिला. मोबाईलचा क्रमांक, मिळाल्याची तारीख, पहिल्यांदा बंद पडल्याची तारीख, दुकानदाराने सांगितलेला खर्च, आणि 'माझे काम मी नोंदवहीत नियमित करीत आहे व करीत राहीन' हे एक वाक्य वेगळ्या ओळीत. त्याच्यावर तिचा आग्रह होता. दोन्ही कुपोषित पोरांची वजने त्या दिवसापर्यंतची जोडली. शेवटी : 'तरी सदर मोबाईल जमा करून पोच द्यावी, ही विनंती.' मी 'नम्र विनंती' लिहिले होते. तिने 'नम्र' खोडायला लावले.

कार्यालयात त्या दिवशी त्यांच्या तालुक्याच्या बऱ्याच सेविका जमल्या होत्या. एका टेबलावर मोबाईलची चळत लागली. मोबाईल घ्यायला कोणी तयार होईना, आणि पोच द्यायला तर मुळीच. कारकुनाचा मुद्दा तसा चुकीचा नव्हता : स्टॉक रजिस्टरला 'परत आलेले' असा रकानाच नाही. दुपारी तीनच्या सुमारास कुणीतरी तोडगा काढला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख. 'मोबाईल मिळाला' हे शब्द नाहीत. तिने ती प्रत अंगणवाडीच्या पेटीत, लसीकरणाच्या वहीखाली ठेवली आहे.

'अंगणवाडी' हा शब्दच मुळी ताराबाई मोडकांचा. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने पुढे कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यामागचा विचार. चिंचोके, शिंपले, पाने हीच साधने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली तेव्हा हा शब्द देशभर गेला. चिंचोक्यांना चार्जिंग लागत नव्हते, असा हळवा सूर मला लावायचा नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या पाड्यांवरच्या मुलाचे वजन घटल्याचे जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच आठवड्यात कळले तर ते मूल वाचण्याची शक्यता वाढते. वहीतला आकडा महिन्याच्या अहवालात बसून येईपर्यंत कधी कधी उशीर होतो. मेहुणीलाही मोबाईल हवाच होता. चालणारा.

तिचे मानधन अडले नाही. दोन-तीन महिने तोंडी दम आले. घरचा मोबाईल मात्र तिने पुन्हा कामाला लावला नाही, आणि मुलगा दहावी पास झाला. शेवटी त्या वर्षी परीक्षा झाली ती प्रत्यक्ष वर्गात बसून. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका बेमुदत संपावर गेल्या, त्यात नवे मोबाईल ही ठळक मागणी होती. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन दहा हजार, मदतनिसांचे साडेपाच हजार झाले. नवे मोबाईलही मग आले. तिला मिळालेला बरा चालतो. या वेळी ताब्याच्या कागदावर सही करताना तिने खाली स्वतःच्या अक्षरात 'ॲप उघडून पाहिले, चालू आहे' असे लिहिले आणि वेळ टाकली, सकाळी ११.२०.

आता गाडे दुसरीकडे अडले आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा द्यायचा तर आईचा चेहरा मोबाईलच्या कॅमेऱ्याने ओळखला पाहिजे. आधारशी जोडलेल्या क्रमांकावर आकडा येतो तो वेगळाच. गावात ऊसतोडीला आणि सुरतेला जाणारी घरे आहेत. बाई असते तेव्हा नवऱ्याजवळ मोबाईल असतो, आणि मोबाईल असतो तेव्हा बाई नसते. गेल्या महिन्यात एका ओल्या बाळंतिणीचा चेहरा जुळेना. बाळंतपणात उतरलेला चेहरा, आधारवरचा लग्नाआधीचा. तीनदा करून पाहिले. बाई उन्हात बाळ घेऊन उभी.

मेहुणीने शिधा दिला. वहीत अंगठा घेतला, शेरा रकान्यात 'चेहरा जुळला नाही, ३ वेळा' असे लिहिले आणि मदतनिसाची साक्ष घेतली. रात्री मला फोन. शिधा दिल्याबद्दल तिला काही विचारायचे नव्हते. तिला एवढेच हवे होते की शनिवारी सुपरवायझर मॅडम येतील तेव्हा त्या वहीवर त्यांची सही कोणत्या शब्दांत मागावी.